दुर्बिणीने छातीच्या आत : एका शस्त्रक्रियेचा दीडशे वर्षांचा इतिहास

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैऋत्येकडील दोन डोंगरी तालुके. वेल्हे तालुक्यास अलीकडे राजगड हे नाव देण्यात आले असले, तरी जुन्या लोकांच्या तोंडी वेल्हे हेच नाव आहे. या भागात अपघातांचे प्रकारही भूमीला साजेसे असतात. आंब्या-जांभळाच्या झाडावरून माणूस पडतो, बांधावर ट्रॅक्टर उलटतो, बैलाचे शिंग लागते, तोरणा-राजगडाच्या वाटेवर पाय घसरतो. शिवाय कापूरहोळ, किकवी, सारोळा या पट्ट्यातून जाणारा पुणे-सातारा महामार्ग आहेच. पुण्याहून माल आणण्यासाठी या रस्त्याने आयुष्यभर ये-जा केलेली अनेक कुटुंबे प्रस्तुत स्मरणिकेच्या वाचकवर्गात आहेत, आणि त्या रस्त्याने कोणाच्या घरी काय आणले हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

अशा अपघातात डोक्याला मार बसला की सर्वांची धावपळ होते. हातपाय मोडला तर तो दिसतो. छातीच्या मुक्या माराचे तसे नसते. वरून कातडी शाबूत असते, रुग्ण बोलत असतो, ‘बरगडीला थोडे लागले आहे’ एवढ्यावर समाधान मानले जाते. पुढे पुण्याच्या रुग्णालयात छातीत नळी घातली जाते, रक्त निघते, आणि चार दिवसांनी डॉक्टर सांगतात की आत रक्त साकळले असून ते दुर्बिणीने काढावे लागेल. त्या क्षणी नातेवाइकांच्या मनात दोन शंका येतात. एक, छाती उघडली की माणूस वाचत नाही. दुसरी, दुर्बीण म्हणजे नव्या काळाचे खर्चिक खूळ असावे. पहिल्या शंकेला एके काळी आधार होता. दुसरीला मात्र इतिहासाचा आधार मिळत नाही, कारण छातीत दुर्बीण घालण्याची कल्पना दीडशे वर्षांहून जुनी आहे. ती जन्मली, वाढली, अडगळीत गेली आणि पुन्हा परतली. हा प्रवास समजून घेतल्यास ‘चार दिवसांत निर्णय घ्या’ असे डॉक्टर का म्हणतात, याचाही उलगडा होतो.

प्रथम छातीची रचना पाहू. कोटाला आतून अस्तर असते त्याप्रमाणे बरगड्यांच्या पिंजऱ्याला आतून एक पातळ, गुळगुळीत पडदा असतो. तसाच पडदा फुप्फुसावरही असतो. या दोन पडद्यांमध्ये नाममात्र द्रव असतो आणि तेथील दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो. या ओढीमुळेच फुप्फुस फुगलेले राहते. बरगडी मोडून तिचे टोक फुप्फुसात घुसले किंवा बाहेरून छेद गेला, तर या फटीत हवा शिरते आणि फुप्फुस आकसते. बरगडीच्या खालच्या कडेने जाणारी रक्तवाहिनी तुटली तर तेथे रक्त साठते. प्रौढ माणसाच्या छातीच्या एका बाजूत दोन-तीन लिटर रक्त सहज मावते, आणि संपूर्ण शरीरात रक्त असते ते सुमारे पाच लिटर.

या विषयाचा एक जुना आणि आश्चर्यकारक उल्लेख आपल्याच देशातील आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मांचे वर्णन आहे. त्यांपैकी छातीवरील मर्मांविषयी जे लिहिले आहे ते आजच्या शल्यचिकित्सकानेही थांबून वाचावे असे आहे. अपस्तंभ या मर्मावर आघात झाल्यास कोष्ठ वायूने भरतो आणि खोकला व श्वास लागून मृत्यू येतो. स्तनरोहितावर आघात झाल्यास कोष्ठ रक्ताने भरतो. अपलाप या मर्मावर आघात झाल्यास रक्ताचा पू होऊन मनुष्य दगावतो. हवा, रक्त, आणि साठलेल्या रक्ताचा पू, या तिन्ही गोष्टी येथे वेगवेगळ्या नोंदल्या आहेत. शिवाय ही मर्मे तत्काळ प्राण घेणाऱ्या वर्गात न घालता काही काळाने प्राण घेणाऱ्या, म्हणजे पंधरवड्यापासून महिन्यापर्यंत अवधी देणाऱ्या वर्गात घातली आहेत. यावरून सुश्रुताला आजचे शस्त्रकर्म ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे अतिशयोक्तीचे होईल, आणि असे निष्कर्ष हल्ली फार सहज काढले जातात. परंतु निरीक्षण अचूक होते यात संशय नाही. छातीतील रक्त माणसाला थोडा अवधी देते आणि तो अवधी वाया गेला की पू होतो, हेच या संपूर्ण लेखाचे सूत्र आहे.

ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्य बरगड्यांमध्ये छेद घेऊन, प्रसंगी बरगडीला भोक पाडून पू काढीत असत. पुढील दोन हजार वर्षे यात मोठी भर पडली नाही. अडचण अशी की छातीला भोक पाडले की बाहेरची हवा आत शिरते, आणि जे फुप्फुस वाचवायचे तेच आकसते. यावरचा साधा व चतुर उपाय जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील डॉ. गॉटहार्ड ब्यूलाऊ यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केला. छातीत घातलेल्या नळीचे दुसरे टोक पाण्याने भरलेल्या बाटलीत बुडवून ठेवायचे. आतील हवा व रक्त पाण्यातून बाहेर पडते, पण बाहेरची हवा उलट आत जाऊ शकत नाही. आजही कोणत्याही रुग्णालयात छातीच्या रुग्णाच्या खाटेखाली जी बाटली दिसते ती तत्त्वतः तीच होय. १९१८ च्या सुमारास अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत इन्फ्ल्युएंझाच्या साथीबरोबर छातीत पू होऊन सैनिक मोठ्या संख्येने दगावू लागले. तेव्हा डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांचा समावेश असलेल्या आयोगाने दाखवून दिले की रोग नवा असताना छाती उघडी ठेवण्याची घाई हेच मृत्यूचे मोठे कारण होते. बंद नळीने द्रव काढू लागल्यावर मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. छाती उघडण्याची जी भीती जुन्या पिढीत दिसते तिचे मूळ अशा अनुभवांत आहे.

आता दुर्बिणीकडे वळू. शरीराच्या आत डोकावण्याचे पहिले साधन फ्रँकफर्टचे डॉ. फिलिप बोझिनी यांनी १८०६ च्या सुमारास तयार केले. त्यात प्रकाशासाठी मेणबत्ती होती. १८६६ मध्ये आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे डॉ. फ्रान्सिस क्रूज यांनी छातीत पू झालेल्या ११ वर्षांच्या एका मुलीच्या छातीत, आधीच असलेल्या छिद्रातून, आपले साधन घालून आत पाहिले. त्यांच्या साधनातील दिव्यात तेलात कापूर मिसळलेला असे, त्यामुळे ज्योत अधिक उजळ होई. देवघरातील कापूर वैद्यकाच्या इतिहासात असा अनपेक्षितपणे भेटतो. पुढे १८७० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत मॅक्स निट्झे यांनी मूत्राशय पाहण्याची दुर्बीण बनविली आणि एडिसनच्या शोधानंतर तिच्या टोकाला विजेचा लहानसा दिवा बसला.

या मूत्राशयाच्या दुर्बिणीनेच स्टॉकहोमचे डॉ. हान्स क्रिश्चन याकोबेयस यांनी १९१० मध्ये उदर व छातीच्या पोकळीत पाहिल्याचे प्रसिद्ध केले. विशेष हे की ते शल्यचिकित्सक नव्हते, औषधोपचार करणारे वैद्य होते. त्यांच्या कामाचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळातील क्षयरोगाचा उपचार ठाऊक असावा लागतो. इटलीचे डॉ. कार्लो फोर्लानिनी यांनी १८८२ मध्ये असा विचार मांडला होता की क्षयग्रस्त फुप्फुसाला विश्रांती मिळाली तर त्यातील पोकळ्या मिटून रोग आटोक्यात येईल. त्यासाठी सुईने छातीच्या फटीत मुद्दाम हवा भरून फुप्फुस दाबून ठेवीत. म्हणजे अपघातात जे संकट असते तेच येथे औषध म्हणून वापरले जात होते. परंतु अनेक रुग्णांत फुप्फुस जुन्या दाहामुळे छातीला चिकटलेले असे आणि हवा भरूनही ते दबत नसे. याकोबेयस यांनी १९१३ पासून छातीला दोन लहान छिद्रे पाडण्याची पद्धत सुरू केली. एका छिद्रातून दुर्बीण व दुसऱ्यातून विजेने तापणारी तार घालून ते हे चिकटलेले दोर डोळ्यांदेखत जाळून तोडू लागले. एका छिद्रातून पाहायचे आणि दुसऱ्यातून काम करायचे, ही आजच्या दुर्बीण-शस्त्रक्रियेची मूळ रीत तेव्हाच ठरली.

महाराष्ट्रातही तो आरोग्यधामांचा काळ होता. पाचगणीचे बेल-एअर आरोग्यधाम डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये स्थापन केले. भोरहून मांढरदेवीच्या घाटाने वाई आणि तेथून पसरणीचा घाट चढला की पाचगणी येते, त्यामुळे या भागातील माणसांना ते नाव अपरिचित नव्हते. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी उभारलेल्या रुग्णालयाच्या जोडीला वानलेसवाडीचे क्षय आरोग्यधाम उभे राहिले. पुण्याजवळ औंध येथे क्षयाचे रुग्णालय झाले. घरातील कर्त्या माणसाला क्षय झाला की त्याला महिनोन् महिने डोंगराच्या हवेत ठेवायचे, दूध-अंडी द्यायची आणि ‘हवा भरायला’ न्यायचे, हा शब्दप्रयोग ऐंशी-नव्वदीच्या ज्येष्ठांच्या कानांवर आजही असेल. ज्यांचे फुप्फुस दबत नसे त्यांच्या बरगड्या काढून छाती कायमची खचविली जाई. तशी एका खांद्याने झुकलेली माणसे पूर्वी गावोगावी दिसत असत.

हे सारे चित्र औषधांनी पालटले. अमेरिकेत १९४३ मध्ये सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड उपचारात आले. १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या व १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तर जगाचे धोरण बदलले. घरी राहून गोळ्या घेणारा गरीब रुग्ण आणि आरोग्यधामात राहणारा रुग्ण यांचे निकाल जवळजवळ सारखेच येतात, असे त्यात दिसून आले. हवा भरणे संपले. त्याबरोबर याकोबेयस यांची दुर्बीणही बहुतेक देशांत कपाटात गेली. १९३७ मध्ये ते निवर्तले तेव्हा त्यांची पद्धत भरात होती. पुढील वीस वर्षांत ती शिकविणारेही कमी झाले.

दरम्यान छातीच्या दुखापतींचे शास्त्र रणभूमीवर वेगळ्याच वाटेने पुढे जात होते. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिका व इटलीच्या आघाडीवर अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या ध्यानात आले की छातीला जखम झालेले अनेक सैनिक पहिल्या दिवशी वाचतात. पुढे मात्र आत साकळलेल्या रक्तावर जाड साल धरते, फुप्फुस तिच्यात जखडते, आणि बऱ्याच जणांत पू होतो. फळाची साल सोलावी त्याप्रमाणे हे आवरण फुप्फुसावरून सोलून काढण्याची शस्त्रक्रिया त्या आघाडीवर लवकर व मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. त्याच इटलीत मराठा पलटणी लढत होत्या. घाटाखालच्या माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी तेथेच वीरमरण येऊन मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मावळातील घराघरांतून माणसे ज्या युद्धावर गेली, त्याच युद्धाने छातीतील रक्त साठू देऊ नये हा धडा पक्का केला. परंतु साल सोलण्यासाठी बरगड्या फाकवून छाती मोठी उघडावी लागे, आणि त्याची वेदना वर्षानुवर्षे पुरत असे.

छातीच्या जखमेत दुर्बीण घालण्याचा विचार त्याच सुमारास ब्राझीलमध्ये झाला. डॉ. ब्रँको यांनी भोसकलेल्या जखमांत दुर्बिणीने आत पाहून कोणाची छाती उघडणे आवश्यक आहे व कोणाची नाही हे ठरविण्याची पद्धत १९४६ मध्ये प्रसिद्ध केली. कल्पना उत्तम होती, पण काळाच्या पुढची होती. दुर्बीण अंधूक, दिवा गरम, आणि एका वेळी एकाच माणसाचा एकच डोळा आत पाहू शकणार. मदतनीसाला काहीच दिसत नसे.

ही कोंडी फुटण्यास तीन गोष्टी कारणीभूत ठरल्या. पहिली भूलतज्ज्ञांची. १९४९ मध्ये स्वीडनचे डॉ. कार्लेन्स यांनी श्वासनलिकेत घालण्याची अशी दुहेरी नळी तयार केली की तिच्या योगे दोन फुप्फुसे स्वतंत्रपणे चालविता येतात. ती मूळ तपासणीसाठी होती, परंतु लवकरच शस्त्रक्रियेत वापरली गेली. ज्या बाजूस काम करायचे ते फुप्फुस मिटवून ठेवायचे आणि दुसऱ्यावर रुग्णाला श्वास द्यायचा. ही सोय नसती तर फुगलेल्या फुप्फुसाने दुर्बिणीपुढची सारी जागा व्यापली असती. छातीच्या दुर्बीण-शस्त्रक्रियेचे श्रेय बहुधा शल्यचिकित्सकांना दिले जाते. ते भूलतज्ज्ञांनाही तितकेच द्यावयास हवे.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे विद्यार्थी, पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी, यांनी १९५४ मध्ये काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते हे सिद्ध केले. अशा तंतूंमुळे दिवा बाहेर ठेवून फक्त थंड प्रकाश आत नेणे शक्य झाले. हॉपकिन्स यांनीच पुढे काचेच्या लांब कांड्या वापरून दुर्बिणीतील चित्र कितीतरी पटींनी उजळ केले, आणि १९६० च्या दशकात जर्मनीच्या कार्ल स्टोर्झ यांनी ती दुर्बीण बाजारात आणली. कपानी यांचे डिसेंबर २०२० मध्ये निधन झाले व त्यानंतर भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. आपल्याकडे त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात असते तर बरे झाले असते.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याची. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत बॉइल व स्मिथ यांनी प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी चकती शोधली. तिच्यामुळे १९८० च्या दशकात कॅमेरा इतका लहान झाला की तो दुर्बिणीच्या मागे बसू लागला. आतील दृश्य पडद्यावर आले, आणि खोलीतील सर्वांना ते एकाच वेळी दिसू लागले. शल्यचिकित्सकाचे दोन्ही हात मोकळे झाले. १९८५ मध्ये जर्मनीत डॉ. एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले, तेव्हा त्यांच्या सहव्यावसायिकांनी त्यांची टर उडविली. १९८७ मध्ये फ्रान्समध्ये डॉ. फिलिप मूरे यांनी कॅमेऱ्याच्या साहाय्याने ते केले आणि जगभर लाट आली.

महाराष्ट्राचे नाव येथे आदराने घ्यावे लागते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९७२ पासून पोटाच्या निदानासाठी दुर्बीण वापरली होती. शासकीय रुग्णालयात, गरीब रुग्णांवर, तपासण्यांची आधुनिक साधने तुटपुंजी असताना हे काम चालले होते. १९९० मध्ये त्यांनी तेथेच भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. ही विद्या श्रीमंतांच्या रुग्णालयातून खाली झिरपली असा समज आहे, पण आपल्या राज्यात तिचा आरंभ सरकारी रुग्णालयात झाला. पुढे पद्मभूषण मिळालेले डॉ. उदवाडिया जानेवारी २०२३ मध्ये निवर्तले.

पोटात कॅमेरा रुळला तसा १९९० नंतर तो छातीतही आला. १९९१ मध्ये इटलीत मिलान येथे डॉ. रोव्हियारो यांनी फुप्फुसाचा संपूर्ण खंड या पद्धतीने काढला. मग दुखापतींकडे लक्ष गेले, आणि ब्राझीलच्या जुन्या कल्पनेला पन्नास वर्षांनी योग्य साधन मिळाले. १९९७ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथून प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. नळी घालूनही छातीत रक्त राहिलेल्या ३९ रुग्णांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला दुसरी नळी घातली, दुसऱ्या गटाचे रक्त दुर्बिणीने लवकर काढले. दुर्बिणीच्या गटातील रुग्णांची नळी लवकर निघाली, ते लवकर घरी गेले, आणि एकूण खर्चही कमी आला. दुसरी नळी घातलेल्यांपैकी अनेकांना अखेर शस्त्रक्रिया करावीच लागली. व्यापारी माणसाला यातील हिशेब चटकन कळेल. शस्त्रक्रियेचे बिल मोठे दिसते, परंतु पडून राहिलेल्या दिवसांचे बिल त्याहून मोठे असते. २०१२ मध्ये २० रुग्णालयांतील ३२८ रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली, तेव्हा छातीत रक्त राहून गेलेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक रुग्णांत पू झाल्याचे आढळले. सुश्रुताच्या अपलाप मर्माचे वर्णन येथे आकड्यांत भेटते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया अशी होते. रुग्णाला पूर्ण भूल देऊन निरोगी कुशीवर निजवितात आणि दुखऱ्या बाजूचे फुप्फुस मिटवितात. बरगड्यांच्या मधून एक-दोन सेंटिमीटरची दोन किंवा तीन छिद्रे घेतात. पुष्कळदा नळीचे जुने छिद्रच दुर्बिणीस उपयोगी पडते. पडद्यावर पाहत गुठळ्या खेचून घेतात, पोकळी धुतात, रक्त झिरपणारी वाहिनी बंद करतात, फुप्फुस फाटले असल्यास शिवतात. नंतर फुप्फुस पुन्हा फुगते की नाही हे डोळ्यांनी पाहूनच नळी ठेवून बाहेर येतात. बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत. बरगडीखालची मज्जातंतूची शीर चेंगरत नाही, म्हणून वेदना कमी होते आणि रुग्ण मोकळेपणी खोकू शकतो. छातीच्या रुग्णाला खोकता येणे किती मोलाचे आहे हे ज्याने बरगडी मोडलेला माणूस जवळून पाहिला आहे त्याला सांगावे लागत नाही. डाव्या बाजूस खालच्या बरगड्यांत भोसकल्याची जखम असेल तर छाती व पोट यांमधील पडदा फाटला आहे का, हे पाहण्यासही दुर्बीण फार उपयोगी आहे. हा लहानसा छेद स्कॅनमध्येही सुटू शकतो, आणि वर्षांनंतर त्यातून आतडे छातीत चढते.

मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. छातीच्या बहुसंख्य दुखापतींना कोणतीच मोठी शस्त्रक्रिया लागत नाही. मुक्या मारात शंभरातील दहांहून कमी आणि भोसकलेल्या जखमांत पंधरा ते तीस रुग्णांना ती लागते. बाकीचे नळी, प्राणवायू, वेदनाशामक औषध आणि श्वासाचा व्यायाम यांवर बरे होतात. उलटपक्षी नळी घालताच दीड लिटर रक्त आले, किंवा पुढे दर तासाला दोनशे मिलिलिटर याप्रमाणे दोन ते चार तास येतच राहिले, तर दुर्बिणीचा विचार न करता छाती उघडावीच लागते. रक्तदाब कोसळलेल्या, एका फुप्फुसावर तग न धरणाऱ्या रुग्णास दुर्बीण चालत नाही. ‘दुर्बिणीनेच करा’ असा आग्रह धरणारे नातेवाईक आणि ‘काहीच करू नका’ म्हणणारे नातेवाईक, दोघेही डॉक्टरांची सारखीच अडचण करतात.

आणि मुदत. साकळलेले रक्त पहिल्या काही दिवसांत दह्यासारखे मऊ असते, ते दुर्बिणीने ओढून घेता येते. म्हणून दुखापतीनंतर तीन ते सात दिवसांचा काळ या शस्त्रक्रियेस उत्तम मानला जातो. त्यानंतर गुठळीत तंतू धरू लागतात, ती फुप्फुसाला व छातीला चिकटते, आणि पुढील आठवड्यांत तिची साल होते. मग दुर्बीण घातली तरी ती बाहेर काढून छाती उघडावी लागण्याचा संभव वाढतो.

भोर-वेल्ह्याच्या दृष्टीने सारा प्रश्न याच दिवसांचा आहे. पूर्वी संस्थानकाळात, म्हणजे ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान विलीन होईपर्यंत आणि त्यानंतरही बरीच वर्षे, वेल्ह्याच्या खोऱ्यातून जखमीला डोलीत घालून खाली आणीत. पावसाळ्यात तेही अवघड होते. पुण्याच्या ससून रुग्णालयात पोहोचेपर्यंत निकाल लागलेला असे. रस्ते झाले, पुणे-सातारा मार्ग रुंद झाला, २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. चेलाडी फाट्यापर्यंत आलेला रुग्ण आता महामार्गाने पुणे गाठू शकतो. पहिला तास वाचविण्याची व्यवस्था पूर्वीपेक्षा निश्चितच सुधारली आहे. तालुक्याच्या ठिकाणी वेळेवर पडलेली नळी हीच बहुतेकांना वाचविते. दुर्बीण, दोन फुप्फुसे वेगळी चालविणारा भूलतज्ज्ञ आणि छातीचा शल्यचिकित्सक हे त्रिकूट मात्र पुण्यासारख्या शहरातच मिळते.

गळती होते ती पहिल्या तासानंतर, पुढच्या आठवड्यात. नळीतून रक्त येणे थांबले की रुग्णाला बरे वाटते. भाताची लावणी असते, दुकान बंद असते, पुण्यात राहण्याचा खर्च चढत असतो. रक्त येणे थांबले याचा अर्थ छाती रिकामी झाली असा घेतला जातो. प्रत्यक्षात गुठळीने नळी बुजल्यानेही ते थांबते. हा फरक वरून कळत नाही. तो क्ष-किरण चित्रात अंशतः आणि स्कॅनमध्ये स्पष्ट कळतो. म्हणून नळी काढण्यापूर्वी व काढल्यानंतर छातीचे चित्र घेतात, आणि त्यात एका बाजूस पांढरेपणा राहिला असेल तर स्कॅन सुचवितात. घरी गेल्यानंतर सायंकाळी ताप येऊ लागला, जिना चढताना धाप लागली किंवा त्या कुशीत जडपणा राहिला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी परत दाखवावे लागते. तेव्हाही सातवा-आठवा दिवस असेल, तर दोन-तीन छिद्रांत काम होण्याची शक्यता बरीच शिल्लक असते.